माणसे घडविणारा संचालक

संशोधन संस्थेचे मोठेपण तिच्या इमारतींवरून, उपकरणांच्या किमतीवरून अथवा वार्षिक अनुदानाच्या आकड्यावरून मोजण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. वस्तुतः संस्थेचे खरे भांडवल तेथे घडणारी माणसे हेच होय, आणि ते भांडवल वाढविणे हे संचालकाचे पहिले कर्तव्य ठरते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र या दृष्टीने आजही मननीय आहे.

१३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी १९२३ मध्ये संपादन केली. विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरला मुंबईत खाजगी व्यवसायाची वाट मोकळी होती. खानोलकरांनी मात्र अध्यापन आणि सूक्ष्मदर्शक यांचीच निवड केली. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकविल्या. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

रोग्याच्या शरीरातून काढलेला पेशीसमूह तपासून निदान लिहून देणे, एवढ्यावर प्रयोगशाळेचे काम संपते असे त्यांनी मानले नाही. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. सूर्याबाई यांच्यासमवेत १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी कर्करोगाचा संबंध लोकांच्या नित्याच्या सवयींशी जोडून दाखविला. कंबरेला घट्ट आवळलेल्या धोतराखालच्या त्वचेला होणारा कर्करोग हे त्यातील एक उदाहरण. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडेही त्यांनी त्याच काळात लक्ष वेधले.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. त्यांच्या कारभाराचे मर्म येथे दिसते. कर्करोगाचे संशोधन ही केवळ डॉक्टरांची मिरासदारी आहे, असे त्यांनी मानले नाही. एल. डी. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास त्यांनी केंद्राच्या स्थापनेपूर्वीच केला होता. रोग समजण्यासाठी समाजाची घडणही समजली पाहिजे, ही त्यामागील दृष्टी होती.

कमल रणदिवे यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पुण्याच्या या विदुषीचे शिक्षण वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांत झालेले होते. वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही खानोलकरांनी त्यांना आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. गुणी विद्यार्थिनीला स्वतःच्या हाताखाली राबवून घेण्याचा मोह संचालकाला सहज होतो. खानोलकरांनी उलट तिला परदेशी जाण्यास उत्तेजन दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून रणदिवे परतल्या आणि त्यांनी मुंबईच्या केंद्रात या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. पुढे, १९६६ ते १९७० या काळात, केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली. आपल्यानंतर संस्था चालवू शकेल असे माणूस संस्थेतच तयार होणे, याहून संचालकाच्या यशाचे दुसरे प्रमाण कोणते?

खानोलकरांना मानसन्मान पुष्कळ लाभले. १९५५ मध्ये ते पद्मभूषण झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

परंतु त्यांच्या कार्याचा ओघ तेथे थांबला नाही. त्याचा एक प्रवाह आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोचला. रणदिवे यांनी उत्तरायुष्यात अकोले तालुक्यातील सत्यनिकेतन संस्थेच्या साह्याने आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास केला आणि राजूर परिसरातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. पेशींच्या अभ्यासातून थेट आदिवासी पाड्यावर येणे हा विषयांतराचा प्रकार नव्हे. रोगाचे मूळ माणसाच्या राहणीत शोधावे, हाच गुरूचा धडा शिष्येने डोंगरदऱ्यांत नेला होता.

आज विद्यापीठांतील अध्यापकांची पदे रिकामी राहतात आणि तासिका तत्त्वावर काम करणारे तरुण संशोधक उद्याच्या चिंतेत दिवस काढतात. उपकरण जुने झाले तर नवे विकत घेता येते. पण वेळीच न घडविलेली पिढी मागाहून कोणत्याही किमतीला मिळत नाही. सावेडीत राहून विज्ञान शिकणारी एखादी विद्यार्थिनी उद्या संशोधक होईल की नाही, हे तिच्या बुद्धीइतकेच तिला हाती धरणारा मार्गदर्शक भेटतो की नाही, यावरही अवलंबून आहे. तंबाखूविषयी १९४५ च्या सुमारास मिळालेला इशारा आपण पुरता मानला नाही, आणि त्याची किंमत रुग्णालये अद्याप मोजीत आहेत. माणसे घडविण्याविषयीचा खानोलकरांचा दुसरा धडाही तसाच वाया जाऊ द्यायचा काय, याचा निर्णय अंदाजपत्रके आखणाऱ्यांनी आणि विद्यापीठे चालविणाऱ्यांनी घ्यावयाचा आहे.