पर्सिव्हल पॉट

पर्सिव्हल पॉट (६ जानेवारी १७१४ – २२ डिसेंबर १७८८) हे अठराव्या शतकातील ख्यातनाम इंग्लिश शल्यचिकित्सक होते. पाठीच्या कण्याच्या क्षयरोगास त्यांच्या नावावरून ‘पॉटचा रोग’ म्हणतात.

पूर्वायुष्य

पॉट यांचा जन्म लंडनमध्ये झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. १७२९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक एडवर्ड नर्स यांच्याकडे त्यांनी उमेदवारी सुरू केली. १७४९ मध्ये ते त्याच रुग्णालयाचे शल्यचिकित्सक झाले व १७८७ पर्यंत तेथे राहिले. जॉन हंटर हे त्यांचे शिष्य होत.

अपघात

१७५६ मध्ये घोड्यावरून पडून पॉट यांच्या पायाचे हाड मोडले व कातडी फाडून बाहेर आले. त्यांनी स्वतःला हलवू दिले नाही. खुर्ची-पालखी वाहणारे भोई बोलावून, एक दार विकत घेऊन त्यास पालखीचे दांडे ठोकवले आणि त्यावर निजून ते घरी आले. जमलेल्या शल्यचिकित्सकांनी पाय कापण्याचे ठरवले होते. हत्यारेही सज्ज होती. तेवढ्यात वृद्ध गुरू नर्स आले व पाय वाचवून पाहावा असे त्यांनी सुचवले. पाय वाचला. घोट्याजवळील ज्या अस्थिभंगास पॉट यांचे नाव आहे तोच त्यांना झाला होता, ही समजूत मात्र चुकीची आहे. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी लेखन आरंभले; अंतर्गळावरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध त्यांनी काजळीशी जोडला.

कण्याचा विकार

कुबड आलेल्या रुग्णांचे पाय लुळे का पडतात, यावरील त्यांचा निबंध १७७९ मध्ये निघाला. हे पाय पक्षाघातासारखे ढिले नसून ताठर असतात, हे त्यांनी नोंदवले. कुबड हे मूळ दुखणे नव्हे. मणक्यांची हाडे आतून कुजतात व त्यामुळे कणा वाकतो, हे त्यांनी शवविच्छेदनावरून दाखवले. पोलादी पट्टे बांधून कणा सरळ करण्याची तत्कालीन रीत त्यामुळे व्यर्थ ठरली.

उपचाराची दिशा मात्र त्यांना एका जुन्या नोंदीतून मिळाली. पाठीत गळू होऊन पायांचा लुळेपणा गेल्याचा हिपॉक्रेटिसच्या ग्रंथातील उल्लेख वूस्टरच्या डॉ. कॅमेरॉन यांनी त्यांना सांगितला. त्यावरून पॉट कुबडाच्या दोन्ही बाजूंस दाहक द्रव्याने जखमा करून त्या दीर्घकाळ वाहत्या ठेवू लागले. उपचार क्लेशकारक होता. कातडीवरची ही जखम मणक्यालगतच्या पुवापर्यंत पोचत नव्हती. जे रुग्ण बरे झाले त्यांना सक्तीच्या विश्रांतीचाच गुण आला असावा. विश्रांतीचे महत्त्व त्याच वर्षी रूआँ येथील झाँ-पिएर दाव्हिद यांनी मांडले होते. त्यांचे नाव मात्र रोगाला मिळाले नाही.

रोगाचे कारण असलेला जंतू १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी शोधला. आज क्षयरोगविरोधी औषधे हाच मुख्य उपचार आहे. कण्यालगतचा पू कमरेच्या स्नायूतून जांघेपर्यंत उतरतो. ताप-लाली फारशी नसल्याने त्यास ‘थंड गळू’ म्हणतात. गळू मोठे असल्यास सोनोग्राफी वा सी.टी. स्कॅनवर पाहत सुईने किंवा बारीक नळीने पू काढता येतो. मोठी चीर द्यावी लागत नाही. तोच पू तपासून जंतू कोणता व त्यावर कोणते औषध चालेल हेही कळते. औषधांनी गुण न आल्यास वा पायांतील शक्ती कमी होत गेल्यासच मोठी शस्त्रक्रिया करावी, असा ‘मध्यममार्ग’ भारतात डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडला.

अखेर

डिसेंबर १७८८ मध्ये कडाक्याच्या थंडीत लंडनबाहेर रुग्ण पाहण्यास गेले असता पॉट आजारी पडले व त्यातच निवर्तले. त्यांचे समग्र लेखन जावई जेम्स अर्ल यांनी १७९० मध्ये प्रसिद्ध केले.