घोडनदीचा गोरा सत्पुरुष

पुण्याहून नगरकडे निघालेला रस्ता शिरूरपाशी घोड नदी ओलांडतो. घोडनदी हे या गावाचेच दुसरे नाव. कंपनी सरकारच्या काळात येथे इंग्रजांची मोठी छावणी होती आणि छावणी म्हटली, की दफनभूमी आलीच. अशा जागेकडे आपल्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिन्हीसांजेनंतर तर नाहीच नाही. शिरूरच्या दफनभूमीत मात्र एका गोऱ्या फौजी अधिकाऱ्याच्या थडग्यापुढे आसपासचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नवस बोलत आणि नैवेद्य ठेवत आले. ते त्याला सत्पुरुष म्हणत. या सत्पुरुषाचे मूळ नाव कर्नल विल्यम वॉलेस.

वॉलेस हा धर्मोपदेशक नव्हता, वैद्यही नव्हता. तो हाडाचा शिपाईगडी होता आणि त्याची हयात गेली ती मराठी मुलखातच मराठी फौजांशी लढण्यात. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि पुढच्याच वर्षी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. जनरल ऑर्थर वेलस्लीच्या सैन्यात वॉलेस ७४व्या हायलंडर्स या स्कॉटिश पलटणीचा अधिकारी होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत पायदळाच्या एका ब्रिगेडचे नेतृत्व त्याच्याकडे होते. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी सर्वांत जबर मार दिला तो याच ७४व्या पलटणीला.

डिसेंबरात मेळघाटातील गाविलगडाला वेढा पडला. त्या वेळची एक आख्यायिका इंग्रजी फौजेत पुढे बरीच वर्षे सांगितली जाई. रात्रीच्या अंधारात एक अवजड तोफ डोंगरावर चढवायची होती आणि ते केवळ अशक्य असल्याचे वॉलेसला कळविण्यात आले. त्यावर, हुकूम आपल्या खिशात आहे, तेव्हा अशक्य कसे असेल, असे त्याने उलट विचारले म्हणे! गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातून माणूस कळतो. पुढच्या वर्षी होळकरांविरुद्धच्या मोहिमेत ऑक्टोबर १८०४ मध्ये चांदवड आणि गाळणा हे किल्ले त्याने घेतले. नंतर पुण्याच्या तैनाती फौजेचे आधिपत्य त्याच्याकडे आले आणि १८०९ मध्ये शिरूरलाच त्याचा अंत झाला.

फौजी चरित्र येथे संपते. वॉलेसची खरी कीर्ती मात्र मृत्यूनंतरची आहे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पूजेची नोंद आहे. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता शिरूर व भोवतालच्या गावांतील सारे हिंदू या थडग्याला भजतात, सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा सत्पुरुषाला नैवेद्य म्हणून आणतात, असे त्यात म्हटले आहे. वॉलेसला जाऊन तेव्हा पाऊणशे वर्षे उलटली होती. त्याला प्रत्यक्ष पाहिलेले कोणी हयात असण्याचा संभव नव्हताच.

ज्याने आपल्याच सरदारांचे किल्ले घेतले, त्याच्यापुढे कुणब्याने धान्य का ठेवावे? पुस्तकी इतिहास येथे अपुरा पडतो. त्या काळाची आठवण ठेवली, तर थोडा उलगडा होतो. १८०२ च्या होळकरी स्वारीने पुणे-नगर पट्टा उजाड केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. खळ्यावर धान्याची रास पडणे हेच जिथे अप्रूप, तिथे ती रास सुरक्षित राखणारा कोणी तरी हवाच. शिवाय आपल्या खेड्यांना असे मृतात्मे नवे नाहीत. लढाईत पडलेल्याचा वीरगळ होतो, अकाली गेलेला बटू मुंजा होऊन पिंपळावर बसतो. वेशीवरच्या म्हसोबाला त्याची जात कोण विचारतो? दबदब्याचा माणूस परमुलखात मरतो, तेव्हा त्याचा आत्मा तिथेच राखण करतो, ही समजूत त्याच जातकुळीची. हा अर्थात आमचा तर्क झाला.

खुद्द पुण्यातही असे घडले आहे. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट (मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे तेच) १८३८ मध्ये दापोडीला वारले. त्यांचा आत्मा मांजरात शिरला, अशा समजुतीने पुण्याच्या गव्हर्नरनिवासातील पहारेकरी रात्री पुढच्या दारातून जाणाऱ्या मांजराला बंदुकीची सलामी देत. ही प्रथा कित्येक वर्षे चालली, असे एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ती हसण्यावारी गेली. शिरूरची पूजा तशी नव्हती; तिथे धान्य मोजावे लागे.

वॉलेसनंतर नऊ वर्षांत पेशवाई संपली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतली. पुढे शिरूर पूना हॉर्स या घोडदळाचे ठाणे झाले. पलटणी आल्या आणि गेल्या. त्या काळातही सुगी आली, की गावकरी नैवेद्य घेऊन दफनभूमीची वाट धरत.