कवट्या मोजल्या आणि प्रोफेसरांचाच सिद्धांत खोटा ठरवला : बर्लिनमधल्या इरावती कर्वे

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला आठवतं ‘युगान्त’. नाहीतर पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या बाई. पण याच बाईंनी पंचविशीत जर्मनीत जाऊन एका बड्या प्रोफेसरांचा वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत खोटा ठरवला होता, हे फार कमी जणांना माहिती असतं.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरूनच नाव ठेवलं इरावती. सातव्या वर्षी शिकायला पुण्यात आल्या, हुजूरपागेत. पुढे फर्ग्युसन कॉलेज, मग मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली एम. ए. लग्न झालं महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. गंमत बघा, बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. फिशर यांचा अंदाज असा की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची उजवी-डावी बाजू असमान असते आणि त्यांच्या जास्त बुद्धीचं मूळ त्यातच आहे. हे तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. त्या माणसांची किंवा त्यांच्या नातलगांची परवानगी घ्यावी, असं तेव्हा कुणाला वाटलंही नव्हतं.

निष्कर्ष काय निघाला? कवटीच्या असमानतेचा वंशाशी काहीही संबंध नाही. परक्या देशातली विद्यार्थिनी, समोर पदवी देणारे प्रोफेसर. तरी जे आकड्यांत दिसलं तेच त्यांनी प्रबंधात लिहिलं.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नाझींच्या वंशधोरणाला विज्ञानाचा मुलामा दिला. ‘अयोग्य’ ठरवलेल्या लाखो लोकांची सक्तीने नसबंदी झाली. चुकीचं विज्ञान माणसांच्या शरीरापर्यंत कसं पोहोचतं, ते जगाने पाहिलं.

इरावतीबाई तोवर पुण्यात परतल्या होत्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. शरीरांची मोजमापं त्यांनी इथेही सोडली नाहीत. महाराष्ट्रातल्या जातीजातींत फिरून त्या मापं घेत राहिल्या आणि त्यावर आज अभ्यासक टीकाही करतात. पण त्या फक्त मापं घेऊन थांबल्या नाहीत. पंढरीच्या वारीत चालताना एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचा स्वयंपाक वेगळा होतो, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी ते लिहिलं. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचं पुढे काय झालं, याचीही त्यांनी पाहणी केली.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. ‘युगान्त’ आजही घराघरात आहे. त्याच्या शेजारी बर्लिनच्या त्या प्रबंधाचीही आठवण ठेवायला हवी.