खराटा हाती घेणारे गाडगेबाबा



चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की खाली वऱ्हाडचे सपाट रान पसरलेले दिसते. त्याच रानात, अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे गाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तेथील एका परीट कुटुंबात, झिंगराजी आणि सखूबाई जाणोरकर यांच्या पोटी डेबूचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र ज्यांना गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला, ते हेच. त्यांचे नाव तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. पण ते कामाला सुरुवात कशी करीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा लेख.

वडिलांना दारूचे व्यसन होते. त्यात घर बुडाले आणि डेबू आठ वर्षांचा असताना वडील गेले. आई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. मामाकडे डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. शाळा अशी त्याने पाहिलीच नाही. मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. राबणाऱ्याची जमीन अक्षराविना कशी जाते, ते या मुलाने डोळ्यांनी पाहिले. पुढे आयुष्यभर ते लोकांना सांगत राहिले की घरातले ताट विकावे लागले तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. स्वतः निरक्षर राहिलेल्या माणसाचा हा आग्रह होता, हे आपण लक्षात ठेवावे.

लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. डेबूजींनी ते दिले नाही, गोड जेवण वाढले. नातेवाईक रुसले, पण ते आपल्या निश्चयावरून हलले नाहीत. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले.

आता त्यांची रीत पाहा. गावात आले की ते कोणाला भेटायला जात नसत, सभा बोलावीत नसत. खराटा घेऊन थेट रस्ता झाडायला लागत. लोक आधी हसत, कोणी वेडा म्हणे. तासाभराने एखाद्याला लाज वाटे आणि तो घरातून झाडू घेऊन येई. मग दुसरा येई. दुपारपर्यंत गावातले चारचौघे त्यांच्याबरोबर गटारीत उतरलेले असत. काम झाल्यावरच ते गाडग्यात भाकरी मागून घेत. रात्री त्याच स्वच्छ झालेल्या जागेवर कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. व्यसन, कर्ज काढून केलेली लग्ने, देवाच्या नावाने होणारी पशुहत्या, शिवाशिव या सर्वांवर ते कोरडे ओढीत. कोणी पाया पडू लागला तर त्याला पडू देत नसत.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथे आम्ही श्रमदान सप्ताह ठरविला. कामांची यादी मी केली, गट मी पाडले, झाडूही मीच आणले. मुले रांगेत उभी राहिली, फोटो निघाला आणि सप्ताह संपला. पुढच्या सोमवारी तलावाकाठी पर्यटकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे जशीच्या तशी होती. तिकडे कोणीही फिरकले नाही. चूक मुलांची नव्हती. ते काम त्यांचे नव्हतेच, माझे होते. त्यानंतर गाडगेबाबांचे चरित्र मी पुन्हा वाचले.

बाबांनी मोठी कामेही केली. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरू चिखलातून घसरत नदीत उतरत. बाबांनी आधी तो चिखल उपसला आणि मग, १९०८ साली, तेथे घाट बांधला गेला. पंढरपूरला अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीसुद्धा देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी जागा झाली. पैसा लोकांचा होता. बाबा तो स्वतःजवळ ठेवीत नसत. हिशेब आणि कारभार विश्वस्तांकडे असे आणि त्यात स्वतःच्या नातेवाइकांना त्यांनी जागा ठेवली नाही. काम उभे राहिले की किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देऊन ते पुढच्या गावाला निघत. पंढरपूरची ती धर्मशाळाही त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. माझ्या मते बांधण्यापेक्षा हे देऊन टाकणे अवघड आहे.

काही पालक म्हणतात की मुलांनी अभ्यास करावा, झाडलोट करायला नगरपालिका आहे. त्यांची काळजी मला समजते. पुष्कळ घरांत शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. पण आठवड्यातला एक तास मागतो आहे, अभ्यास सोडून नव्हे. ज्या मुलीने पन्नास जुनी पुस्तके गोळा करून, वहीत नोंदवून, गरजू मुलांना वाटली, तिला गणितही आले आणि माणसेही कळली. आपल्या घरांत खिदमत हा शब्द आजी-आजोबांच्या तोंडी नेहमी असतो. तो मुलांच्या हातांपर्यंत का पोहोचू नये?

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच, अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या काठी गेले. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि २००० साली सुरू झालेल्या शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही.

तेव्हा मित्रांनो, या २० डिसेंबरच्या आत एक काम तुमचे तुम्ही निवडा. तलावाचा काठ असेल, मेळघाटातून दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी पिण्याचे पाणी असेल, धाकट्या मुलांना वाचायला शिकविणे असेल. काम कोणते, जागा कोणती आणि हिशेबाची वही कोणाकडे राहील, एवढे एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. त्या कागदात मोठ्यांनी दुरुस्ती करू नये, अशी माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे.