सिल्व्हियाबाईंचा वर्ग

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता आणि या पुस्तकातून मराठी शिकता. मराठीचे काही शब्द एकदा ऐकताच तुमच्या लक्षात राहिले असतील. काही शब्द मात्र दहा-दहा वेळा लिहूनही विसरले जातात. असे का होत असेल? एका शिक्षिकेने या प्रश्नाचा पिच्छा पुष्कळ वर्षे सोडला नाही. त्यांचे नाव सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर.

जगाचा नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला समुद्रात दोन मोठी बेटे दिसतील. हा न्यूझीलंड देश. तेथील स्ट्रॅटफर्ड या गावी १७ डिसेंबर १९०८ रोजी सिल्व्हियाचा जन्म झाला. वडील संधिवाताने अपंग झाले होते. घरात भावंडे पुष्कळ. आई खेड्यांतील शाळांत शिकवून संसार चालवत असे. सिल्व्हियाला पियानो वाजवायचा होता, चित्रे काढायची होती. शिक्षिका व्हावे असे तिला मुळीच वाटत नव्हते. पण पोट भरण्यासाठी तिने ऑकलंड येथे शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतले. १९३२ साली कीथ हेंडरसन या शिक्षकाशी तिचा विवाह झाला. पुढे दोघे माओरी वस्तीतील दूरदूरच्या शाळांत काम करू लागले. कीथ मुख्याध्यापक असत आणि सिल्व्हियाबाई सर्वांत लहान मुलांचा वर्ग घेत.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. त्यांची भाषाही माओरी. शाळेत मात्र सारे शिक्षण इंग्रजीतून होते. वर्गात माओरी बोलल्याबद्दल मुलांना छडी खावी लागल्याची उदाहरणे आहेत. पाच वर्षांचे मूल शाळेत येई तेव्हा त्याच्या हाती इंग्रजी वाचनपुस्तक पडे. त्यात एक नीटनेटके घर, शांत आईवडील आणि स्वच्छ कपड्यांतील शहाणी मुले असत. माओरी मुलाचे घर असे नव्हते. तेथे गाणे होते, मारामारी होती, आजीचे लाड होते आणि रात्री भुताची भीतीही होती.

सिल्व्हियाबाईंच्या वर्गात एक मुलगा होता. पुस्तकातील ‘कम’, ‘लुक’ आणि ‘अँड’ हे तीन शब्द शिकायला त्याला चार महिने लागले. सगळे त्याला मंद समजत. एके दिवशी बाईंनी त्याला जवळ घेतले आणि तुला कशाची भीती वाटते, असे विचारले. पोलीस आपल्याला तुरुंगात नेतील आणि सुरीने कापतील, असे त्याने सांगितले. बाईंनी ते शब्द त्याला मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांबरोबर रडणे, भांडण, आई, बाबा आणि माओरींचे हाका नृत्य यांचेही शब्द दिले. हे सारे इंग्रजी शब्द तो चार मिनिटांत वाचू लागला! बाईंनी ही हकीकत आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. मुलगा मंद नव्हताच. त्याला दिलेले शब्द त्याचे नव्हते, एवढेच.

मग बाईंनी रोजची पद्धतच बदलली. सकाळी त्या एकेका मुलाला जवळ बोलावून, आज तुला कोणता शब्द हवा, असे विचारत. मूल जो शब्द सांगेल तो त्या जाड पुठ्ठ्यावर काळ्या खडूने ठळक लिहीत आणि कोपऱ्यात मुलाचे नाव घालत. मूल त्या अक्षरांवरून बोट फिरवी आणि शब्द मोठ्याने म्हणे. ते कार्ड त्याच्या मालकीचे होई. दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाची कार्डे चटईवर ओतली जात. मुले त्यांवर तुटून पडत आणि ढिगातून आपापली कार्डे शोधून काढत. मग जोड्या करून बसत. एक मूल कार्ड दाखवी, दुसरे वाची. अशा रीतीने एकाचा शब्द दुसऱ्यालाही येई आणि बाईंना सर्वांच्या मागे धावावे लागत नसे. एखादा शब्द मुलाला ओळखता आला नाही, तर बाई रागावत नसत. ते कार्ड त्या काढून टाकत. विसरला गेलेला शब्द मुलाच्या मनातून आलेलाच नव्हता, असे त्या मानत.

थोडे शब्द जमले की मुले फळ्यावर स्वतःची वाक्ये लिहीत, पुढे छोट्या गोष्टी लिहीत. त्या गोष्टी सारा वर्ग वाची. शेजारी बसणारा मित्रच लेखक असेल तर त्याची गोष्ट कोण वाचणार नाही?

तुम्ही या वर्गात डोकावला असता तर प्रथम गोंधळच दिसला असता. कोणी चिकणमातीची होडी करत आहे, कोणी वाळूत खेळत आहे, कोणी रंगांनी हात माखले आहेत, कोणी नाचत आहे. बाईंनी मुलांच्या सकाळच्या कामांची जी यादी केली होती तिच्यात रडणे आणि भांडणेही होते! मात्र बाईंनी पियानोवर ठरावीक सूर वाजवले की सारा वर्ग क्षणात स्तब्ध होई. मुलाच्या मनातील ज्वालामुखीला दोन तोंडे असतात, एक निर्मितीचे आणि एक विध्वंसाचे; पहिले रुंद केले की दुसरे आपोआप आक्रसते, असा त्यांचा विश्वास होता.

शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र हे सारे रुचत नसे. बाईंना अनेकदा कमी गुण मिळाले. त्या वेळी शिक्षकाची बढती या गुणांवरच ठरत असे. माओरी मुलांच्या जीवनावर बाईंनी हाताने लिहून, चित्रे काढून वाचनपुस्तके तयार केली होती. शिक्षण खात्याने ती छापली नाहीत. बाईंचा स्वभावही सोपा नव्हता. त्या लवकर दुखावत आणि कधी तिखट बोलत. १९५८ साली त्यांची ‘स्पिन्स्टर’ ही कादंबरी लंडनमध्ये आणि १९६३ साली ‘टीचर’ हे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी शिक्षक ही पुस्तके आवडीने वाचू लागले. कीथ १९६९ साली वारले. त्यानंतर बाईंनी अमेरिका आणि कॅनडा येथेही काही काळ शिकवले.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. बाईंनी माओरी मुलांचे जीवन वर्गात आणले. पण त्या वर्गातून मुले वाचू लागत ती इंग्रजीच. मुलांची स्वतःची भाषा शाळेच्या बाहेरच राहिली आणि नव्या पिढीत ती बोलणारे कमी होत गेले. हे काम पुढे माओरी लोकांनीच हाती घेतले. १९८२ साली त्यांनी आपल्या भाषेतील बालवाड्या सुरू केल्या. तेथे वयोवृद्ध माणसे मुलांशी माओरीतूनच बोलत. या बालवाड्यांना ‘कोहंगा रेओ’ म्हणतात. त्याचा अर्थ भाषेचे घरटे. २८ एप्रिल १९८४ रोजी तौरंगा येथे सिल्व्हियाबाईंचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ साली, न्यूझीलंडमध्ये माओरीला कायद्याने राजभाषेचा दर्जा मिळाला.