बर्फावर मोटार चालविणारे अडॉल्फ केग्रेस

हिमालयातील दुर्गम ठाण्यांपर्यंत रसद पोहोचविणाऱ्या लष्करी वाहनांशी जबलपूरचे नाव कायमचे जोडले गेले आहे. शक्तिमान ट्रक याच शहरात तयार झाले, तर जोंगा या गाडीचे नावच जबलपूरच्या आयुध निर्माणींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले. रस्त्यावर बर्फ साचला की अशा वाहनांच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात. परंतु चाकच रुतेल इतका खोल, भुसभुशीत बर्फ असेल तर साखळीही निरुपयोगी ठरते. या अडचणीवर सुमारे शंभर वर्षांपूर्वी प्रभावी उपाय शोधणाऱ्या फ्रेंच तंत्रज्ञाचे नाव अडॉल्फ केग्रेस.

केग्रेस यांचा जन्म २० जून १८७९ रोजी पूर्व फ्रान्समधील एरिकूर या गावी झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते रशियाला गेले आणि झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्याची तांत्रिक जबाबदारी त्यांच्याकडे आली. झारच्या संग्रही त्या काळातील उत्तमोत्तम मोटारी होत्या. मात्र हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले की त्या जागच्या हलत नसत. सम्राटाची मोटार बाराही महिने चालती ठेवणे, हे केग्रेस यांच्यापुढील आव्हान होते.

मोटारीचा सारा भार चार चाकांखालच्या तळहाताएवढ्या जागांवर पडतो, म्हणून ती बर्फात रुतते. हा भार अधिक जागेवर पसरविणे आवश्यक होते. पोलादी कड्यांचे पट्टे लावलेले ट्रॅक्टर त्या काळी होते. पण ते जड आणि संथ असत. केग्रेस यांनी मागील चाकांच्या जागी एका टोकाला पट्टा फिरविणारे मोठे चाक, दुसऱ्या टोकाला मोकळे फिरणारे चाक आणि मध्ये लहान चाके बसविली. या सर्वांवरून एक लवचिक, अखंड पट्टा फिरत असे. पुढील चाकांना लांब पट्ट्या, म्हणजेच स्की जोडल्या की नेहमीच्याच चक्राने गाडी वळविता येई. यासाठी मोटार मुळापासून नव्याने बांधण्याची गरज नव्हती, हे या रचनेचे वैशिष्ट्य होते.

पहिल्या महायुद्धात रशियाच्या चिलखती गाड्यांसाठीही ही रचना स्वीकारण्यात आली. १९१७ मध्ये राज्यक्रांती झाली आणि झारशाही कोसळली. केग्रेस यांना रशिया सोडून मायदेशी परतावे लागले. त्यांची रचना मात्र तेथेच राहिली. असेच पट्टे आणि स्की बसविलेली एक रोल्स रॉईस पुढे लेनिन यांच्या सेवेत होती. मॉस्कोजवळील गोर्की येथील संग्रहालयात ती जतन करण्यात आली आहे.

फ्रान्समध्ये उद्योगपती आंद्रे सित्रोएन यांनी केग्रेस यांच्या संशोधनाला पाठबळ दिले. बर्फासाठी जन्मलेला पट्टा वाळूतही तितकाच उपयुक्त ठरला. डिसेंबर १९२२ मध्ये तुगूर्त येथून निघालेल्या पाच मोटारी सहारा वाळवंट ओलांडून जानेवारी १९२३ मध्ये टिंबक्टूला पोहोचल्या. त्यापाठोपाठ १९२४-२५ मध्ये आफ्रिका खंड ओलांडणारी मोहीम पार पडली.

केग्रेस यांच्या रचनेची सर्वांत कठोर परीक्षा हिमालयात झाली. बैरूतहून पेकिंगला निघालेल्या सित्रोएन मोहिमेची तुकडी जॉर्ज-मारी हार्ट यांच्या नेतृत्वाखाली १९३१ च्या उन्हाळ्यात श्रीनगरला पोहोचली. तेथून दोनच मोटारी गिलगिटच्या दिशेने नेण्यात आल्या. ४ हजार मीटरहून उंच असलेली बुर्झिल खिंड त्यांनी ओलांडली. मात्र पुढील वाट घोड्या-खेचरांपुरतीच होती. एके ठिकाणी कडा खचून मोटार दरीवर लोंबकळली, तर काही ठिकाणी मोटारी सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या. ऑगस्टमध्ये त्या गिलगिटला पोहोचल्या. त्यापुढील प्रवास मोहिमेला मोटारींविना करावा लागला. पट्टा बर्फावर मात करू शकत होता. नसलेला रस्ता निर्माण करणे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

तरीही या रचनेचा प्रसार थांबला नाही. अमेरिकी लष्कराने सित्रोएन-केग्रेस वाहने विकत घेऊन त्यांचा अभ्यास केला. पुढे चाके पण मागे रबरी पट्टा असलेली तिची हजारो वाहने दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर उतरली. कॅनडात जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांनी १९३७ मध्ये बाजारात आणलेल्या बर्फगाडीतही पुढे स्की आणि मागे पट्टे हीच मांडणी होती.

अखेरच्या वर्षांत केग्रेस यांनी दोन क्लच असलेल्या गिअर पद्धतीवर काम केले. ती तेव्हा प्रत्यक्ष उत्पादनात आली नाही; एकविसाव्या शतकात मात्र त्याच तत्त्वावरील गिअर असंख्य मोटारींत बसविले जाऊ लागले. १९४३ मध्ये, फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात असताना, केग्रेस यांचे निधन झाले. एका सम्राटाच्या हिवाळी प्रवासासाठी शोधलेला त्यांचा उपाय त्या साम्राज्यानंतरही टिकला, आणि क्रांतीच्या नेत्यालाही तोच वापरावा लागला.