डॉ. पीअर्डन डोनाघी : सर्जनना पुन्हा शिवायला शिकवणारे गुरुजी

सूक्ष्मदर्शक शिकवताना आपण कांद्याचा पापुद्रा दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण त्याच भिंगाखाली मेंदूतली रक्तवाहिनी शिवता येते, हेही मुलांना सांगा. सांगायला डॉ. रेमंड पीअर्डन डोनाघी (१९१०–१९९१) यांचं चरित्र आहेच.

डोनाघी हे अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावचे मेंदूचे सर्जन. कानाचे डॉक्टर १९२१ पासूनच शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरत होते. स्टॉकहोमला न्यूलेन यांनी सुरुवात केली होती. मेंदूवाले मात्र लांबच राहिले. १९६० मध्ये बर्लिंग्टनलाच ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या, आणि डोनाघींनी ते तंत्र मेंदूत नेलं.

अडचण यंत्राची नव्हतीच, हाताची होती. विचार करा, डोळे भिंगाला लागलेले, स्वतःचे हात दिसत नाहीत, आणि बोटांचा जरासा कंपसुद्धा भूकंपासारखा दिसतो. एक मिलिमीटरची धमनी, केसासारखा बारीक दोरा! वीस वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूसही इथे पहिलीतला विद्यार्थी. मनगट टेकवायचं कुठे, नजर न हलवता हत्यार बदलायचं कसं, सगळं नव्याने. आणि ही गिरवणी रुग्णावर करून कशी चालेल? म्हणून डोनाघींनी प्रयोगशाळा उभारली. सूक्ष्मशस्त्रक्रिया शिकवणारी जगातली पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचं नाव घेतात. तिथे आधी प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांवर सराव. (प्राण्यांचा भाग वर्गात सांगताना जपून सांगा, पण लपवू नका. मुलं विचारतातच.)

१९६५ मध्ये झुरिकहून गाझी याशारगिल तिथे शिकायला आले. वय चाळीस, स्वतः तयार सर्जन. त्यांचे वरिष्ठ क्रायेनब्यूल यांनी पाठवलं होतं. वर्षभराहून अधिक काळ ते त्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या मेंदूतल्या धमन्या जोडत बसले.

मग ३० ऑक्टोबर १९६७ रोजी झुरिकला त्यांनी कपाळाच्या बाजूची धमनी कवटीच्या आतल्या धमनीला जोडली. मेंदूला रक्ताची नवी वाट मिळाली. डोनाघींनी हीच शस्त्रक्रिया बर्लिंग्टनला केली ती दुसऱ्या दिवशी. शिष्य एक दिवस पुढे! पुढे याशारगिल यांनी झुरिकलाही तशीच प्रयोगशाळा चालवली, आणि देशोदेशीचे सर्जन तिथे सरावाला येऊ लागले.